मोरपिशी

खासबागेत तिप्पाण्णा सूत रंगवतो.
गेल्या महिन्यात उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला,
डावा अजून रांगेत आहे.

परवा दिवेलागणीला लडी टबातून वर काढली,
डावा झाकून म्हणाला, निळी.
मग उजवा झाकून, हिरवी की गे!

मी माग थांबवून गेले, पाहिलं.
मला मोरपिशी दिसली.
पण तेही माझ्या दोन डोळ्यांचं एकमत,
खात्री कुठली.

"मग चाळीस वर्सं मी रंगवलं काय?"
अर्धं कानडीत, अर्धं आपल्यात,
जो शब्द आधी हाताला लागेल तो.
पिवळ्याला तो हळदीच म्हणतो,
ते दोन्हीकडं चालतं.

नाकाच्या दांड्यावर बोट ठेवून हसला:
"आता हितंच नाका बसला बघ."

तेवढ्यात लाईट गेली.
गल्लीतले माग एकेक करत गप्प झाले.
टबातलं पाणी काळं, लडी काळी,
त्याच्या दोन्ही डोळ्यांना सारखीच.
त्यानं ती पिळली, नाकाशी नेली,
अंगठ्यानं एक धागा चोळला
आणि अंधारातच म्हणाला,
अजून एक बुडी पायजे.