वसुलीचं टेबल, वडूज

त्या मार्चमध्ये साहेबांनी मला पुरवठा शाखेतून उठवलं
आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं.
पुठ्ठ्यावर मी स्केचपेननं लिहिलं :
सन्मान निधी. अपात्र लाभार्थी. वसूली.
पहिल्याच दिवशी एक निवृत्त हेडमास्तर आले,
खिशातला पेन काढून आधी ‘सू’ ऱ्हस्व केला
आणि मग चौदा हजार मोजले, सात हप्त्यांचे.
‘देताना कुणी विचारलं नाही पेन्शन आहे का.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.’
पावती त्यांनी तीनदा वाचली. चूक सापडली नाही
याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

औंधकडचा एकजण ट्रॅक्टरच्या फायलीसाठी
एकदा रिटर्न भरून बसला होता.
‘साडेतीनशे टॅक्स भरला न् बारा हजार गेलं.
सरकारला वळख दाखवायची न्हाई, मॅडम,
लांबनंच रामराम बरा.’
मागची सगळी रांग हसली. तोही हसला,
पण नोटा सोडताना अंगठा काढेना.

इंदुमती रंगराव फडतरे यादीत नव्हत्या.
मायणीच्या पलीकडून दोन गाड्या बदलून आल्या,
ब्लाउजपीसमध्ये बांधलेले आठ हजार
आणि रबर लावलेला बटणांचा फोन घेऊन.
‘मालकाला जाऊन दीड वरीस झालं.
पैसं येत्यातच. पुतण्यानं कार्डावर काढून आणलं.
मेल्या माणसाच्या पैशाची भाजी कशी करू?’

मी म्हटलं, यादीत नाव नाही, घेता येत नाही.
तलाठ्याकडे नोंद लावा, वारस लावा, मग पत्र येईल.
त्या उठल्या नाहीत. फोन पुढे सरकवला.
‘ह्यात काय लिवलंय तेवढं वाचा.’

मेसेज इंग्रजीत होता. पहिलाच शब्द रंगराव.
मी पुढे वाचायला लागले, रक्कम, हप्ता, तारीख...
‘ऱ्हाऊ द्या. एवढंच पायजे हुतं.’

चार मेसेज. चारीत पहिला शब्द तोच.

‘पैसं भरलं की हे येयाचं थांबंल?’
थांबेल, म्हटलं.
त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.
तिथं काही नव्हतं, झेरॉक्सवाल्याची छत्री सोडून.
‘थांबू द्या मग. फोन वाजला
की म्हस मान वर करती. तिला काय सांगू?’

साहेबांना विचारून आलो, म्हणजे मीच गेले,
त्यांनी कपाळ चोळलं, म्हणाले, घ्या भरून.
फॉर्मवर परताव्याचं कारण, चार चौकटी :
आयकर. पेन्शन. नोकरी. दुबार लाभ.
मरण कुठल्याच चौकटीत नव्हतं.
माझा पेन तिथंच अडला, आणि त्यांना वाटलं
मी त्यांच्याकडे उत्तर मागतेय.

‘लिवा,’ त्या म्हणाल्या, ‘मालक पात्र हुतं.’

अर्ध्या इंचाच्या जागेत मी तेवढं बारीक बसवलं.
ट्रेझरीतून ते परत येईल, शेरा मारून, हे ठाऊक होतं.
ते आलंच, मे महिन्यात.

पण त्या दिवशी पावती कमरेला खोचून
त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या,
फोन वर धरून विचारलं,
‘चार्जिंगला कुठं जागा हाय का?’

मी पंख्याचा प्लग काढून दिला.