वजनाचा रकाना

स्तारा झागोरा, सत्त्याऐंशीचा मार्च.
निर्यात खात्यात माझ्या टेबलावर
एक खोकं आलं. आत बारा फ्लॉपी, आणि पत्र:
माल मिन्स्कला जाईल,
बदल्यात ट्रॅक्टरचे सुटे भाग.

फॉर्म नंबर सतरा, चार प्रतींत.
मालाचं नाव : गोदामाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम.
नग : एक.
निव्वळ वजन, किलोग्रॅममध्ये :

इथं पेन अडलं.

रिकामा रकाना सोफियात चालत नाही,
कॉम्रेड झेल्याझ्को म्हणाले,
आणि सहीपुरते थांबून घाईघाईनं बैठकीला गेले.

मग मी नि पेन्कानं कँटीनचा काटा आणला,
सिरेने तोलायचा, खारट वासाचा.
दोनशे चाळीस ग्रॅम भरलं.
पेन्काला काय सुचलं कोण जाणे,
तिनं कपाटातल्या बारा कोऱ्या फ्लॉपी
त्याच पारड्यात टाकल्या.
दोनशे चाळीस.
काटा गुंजभरही हलला नाही.
"मग आपण विकतोय काय गं?"
मी दार लावून घेतलं.

खालच्या मजल्यावर स्वेतोझार.
दोन हिवाळे बसून त्यानं
परदेशी प्रोग्रॅमचं एकेक वाक्य सोलून काढलं,
जागी आपली अक्षरं बसवली.
मालकाचं नाव पुसलं, साल पुसलं.
एक ओळ मात्र राहू दिली, खूप आत,
जिथं कुणी बघत नाही:
कुणा अनोळखी माणसानं
रात्री जागल्याबद्दल बायकोचे आभार मानलेले.
"काढली तर सगळंच बंद पडतं," तो म्हणाला.
खरं होतं का, मी विचारलं नाही.
त्यानं सिगरेट अर्धीच विझवून
उरलेली खिशात ठेवली.

०.२४०, मी लिहिलं.
चारही प्रतींवर गोल शिक्का.
किंमत वरून ठरून आली होती,
आमच्या कारखान्याचं नाव मोठ्या टायपात.
आणि आभार गेले मिन्स्कला,
कुठल्याच रकान्यात न नोंदलेले,
जकात न भरता.

सुटे भाग ऑगस्टात आले.
निव्वळ वजन साडेतीन टन,
आमच्याकडे नसलेल्या ट्रॅक्टरचे.
ते मात्र मी व्यवस्थित भरून घेतले,
एकेक बोल्ट मोजून.
मागच्या अंगणात लिंडनखाली रचले.
फुलं पडून पडून
सगळं तेलकट पिवळं झालं होतं,
आणि पेन्का जेवणाच्या सुट्टीत
त्यावरच बसायची.