परत आलेलं कपाट

तीन दारांचं कपाट आज दुपारी परत आलं,
तीनचाकी टेम्पोवर आडवं, दोरखंडानं आवळलेलं,
दुम्यातच्या मासळीबाजारातून वाट काढत.
मागे रावया. मांडीवर आरसा, काच आतल्या बाजूला.
म्हणाली, "यादीत होतं. यादीतलं सगळं माझं."
लग्नाआधी नवऱ्यानं सही केलेली यादी:
पलंग, कपाट, फ्रीज, बारा चमचे.
चमचे नऊच मिळाले.

"आईची खोली लहान आहे.
दोन दारांचं करून दे."

एकवीस वर्षांपूर्वी याच फळ्या मी रंधल्या होत्या.
म्हणजे रंधा माझ्या हातात होता,
रंधत होता उस्ता शलबी,
माझ्या मनगटावर मनगट ठेवून.
काळ्या समुद्रापलीकडून आलेलं बीचचं लाकूड,
गोरं, हट्टी.
"आधी त्याला विचार, नस कुठे पळते.
उलट्या अंगानं गेलास
तर केस उपटल्यासारखं उचकटेल.
आणि डोळ्यावर विसंबू नकोस.
डोळा लाडावलेला असतो, नख नसतं."

पटाशीला धार लावता लावता
माझ्या बोटांचे ठसे झिजून गेले.
तो धार बघायचा हातावरच्या केसांवर,
त्याचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत होता.

एकदा पूर्ण दिवस त्यानं फक्त रेघ शिकवली.
"पेन्सिलीच्या रेघेलाही रुंदी असते, पोरा,
तिला दोन काठ असतात.
कुठल्या काठावर करवत ठेवायची
हे ज्याला कळलं तो सुतार.
बाकीचे लाकूडतोडे."

आणि हवा.
इथे नाईल समुद्रात विरघळते,
जुलैत दारं फुगतात,
खमसीनचा वारा सुटला की कडकड आकसतात.
म्हणून चौकटीत फळी कधी सरसानं चिकटवायची नाही,
नखभर मोकळी ठेवायची.
"अगदी घट्ट बसवलेलं दार
पहिल्याच उन्हाळ्यात भांडायला उठतं."
हे तो दाराबद्दलच बोलत होता.

आज डावा खण ओढला
आणि माझे कान गरम झाले.
पारव्याच्या शेपटीसारखे सात दाते,
त्यातला सहावा माझा.
सोळा वर्षांचा होतो, करवत रेघ ओलांडून गेली.
उस्ता दुपारच्या नमाजाला गेलेला.
भुसा, सरस, अंगठा,
वरून चंद्रसाचा हात.
संध्याकाळी त्यानं खण आत-बाहेर केला,
मान हलवली,
चहा सांगितला. दोन ग्लास.
मला वाटलं, फसला.
खरं सांगायचं तर पुढची कितीतरी वर्षं
मला तेच कौशल्य वाटत होतं.

कोमट पाण्याची चिंधी सांध्यावर धरली.
सरस मऊ झाला, खण उलटा केला.
माझा भुसा कधीच गळून गेला होता,
तिथे फट होती, तांदळाचा दाणा मावेल एवढी.
आणि आतल्या अंगानं,
जिथे कुणाचा हात जात नाही तिथे,
काडीएवढी एक खुंटी, बीचचीच,
नसेला नस जुळवून ठोकलेली.
तिच्याभोवती निळ्या पेन्सिलीचं वर्तुळ.
त्याच्या कानामागची पेन्सिल निळीच असायची.

एकवीस वर्षं खण ज्यावर तगला
ती ही खुंटी.
कधी ठोकली असेल? मी झाडू मारत होतो तेव्हा?
की रात्री परत येऊन, कंदिलावर?
विचारायला तो नाही. गेला,
त्यालाही आता सहा हिवाळे झाले.

"तुटलं का काही?" रावया दारातून.
"नाही," म्हटलं, "बघतोय फक्त."

खण जसा होता तसा पुन्हा जोडला.
खुंटी काढली नाही.
तिसरं दार भिंतीला टेकवून ठेवलंय.
त्याचं काय करायचं ते ती बोलली नाही,
जाताना बिजागरी एकदा उघडून मिटून पाहिली, इतकंच.

वगीह, माझा पोरगा, म्हणजे शिकाऊ,
कोपऱ्यात आज भलताच शांत बसलाय.
अंगठ्याला सरस लागलेला दिसतोय.
नमाजाला अजून वेळ आहे,
तरी मी जरा बाहेर जाऊन येतो.