अस्वल गेलं कुठे

जानेवारीचा दुसरा आठवडा. बुरा नावाचा वारा
खिडकीच्या फटीतून शीळ घालतोय,
फेरीबोट आज येणार नाही.
वर्गात नऊ मुलं, आणि बाकावर
बिस्किटांच्या डब्यातून ओतलेला खुर्दा.

लास्तोवोच्या शाळेत एकोणीस वर्षं
मी पैसे शिकवले ते जनावरांवरून.
आकडा नंतर. आधी विचारायचं, हा कोण?
पाच कुनांचं अस्वल. दोनाचा कुपा मासा.
एकाचा नाइटिंगेल.
लिपा म्हणजे बारीक मोड, तिच्यावर झाडंझुडपं:
एकावर मका, दोनावर द्राक्षवेल,
विसावर ऑलिव्ह,
पन्नासावर खडकात उगवणारं रानफूल.
चार वर्षांचं पोरही दुकानात ठणकावायचं,
"माझं अस्वल परत द्यायचं राहिलं."

शनिवारनंतर हे कुणी घेणार नाही.

मी नवी नाणी मांडते.
तोंका डोळे मिटून कडा चाचपते,
वीस सेंटच्या खाचा तिला लगेच कळल्या.
दहावरचा मिशीवाला बघून येलेन्को म्हणाला,
हा पोस्टातला का?
"नाही रे, विजेवाला होता तो."
"मग परवा लाइट गेली तेव्हा आला का नाही?"

पाचाची नोट. करडी. तिच्यावर पूल.
"हा आपल्या बेटावर येतो?"
हा पूल कुठूनच निघत नाही, कुठेच पोचत नाही,
कागदापुरताच आहे,
असं सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, कोपऱ्यातला आकडा वाच.

निक्शा मात्र एकाच गोष्टीवर अडून.
अस्वल गेलं कुठे?

एक युरो म्हणजे सात कुना, त्रेपन्न लिपा,
आणि वर चिमूटभर.
सहा वर्षांच्या पोरांना ती चिमूट कशी दाखवायची?
ती सोडली. बाकीचं रांगेत मांडत गेले.
अस्वल. पाच.
कुपा. सात.
रानफूल. साडेसात.
मग द्राक्षवेल, मग मका. भरलं.
रांगेपुढे ठेवला नवा कोरा एक युरो.
त्यावर फांदीवर बसलेला कुना,
मुंगसासारखा लांबट, झुबकेदार शेपटीचा.
त्याच्या कातड्यांनी कधीकाळी कर भरत,
म्हणून पैशालाच त्याचं नाव पडलेलं.

निक्शानं रांग पाहिली. कुना पाहिला.
"ह्यानं खाल्लं."
"एवढं मोठं अस्वल?"
"आधी मासा. मग द्राक्षं, मका. अस्वल शेवटी.
फूल तोंड पुसायला."

हिशेब चुकला होता असं म्हणता येईना.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा दिनार गेले.
आईनं उरलेल्या नोटा शेगडी पेटवायला घेतल्या,
आम्ही हात शेकले.
त्यांच्यावर कोण होतं, आज आठवत नाही.
मला कुणी आधी विचारलंच नव्हतं, हा कोण.

"आणि ह्याला?" तोंकानं
नाइटिंगेल उचलून दिव्यासमोर धरला.
"ह्याला कुणी खाल्लं?"
कुणीच नाही. बेरजेत त्याची गरज पडली नाही.
उरला.

शुक्रवारी बँकेसाठी डबा मोजला.
अस्वलं अकरा, कुपे चौदा, बरोबर.
एकाची नाणी तेवीस हवीत, बावीस भरली.
पुन्हा मोजली. गठ्ठे पाडून मोजली.
तोंकासारखे डोळे मिटून मोजली.
बावीस.
कागदावर कारणासाठी एक रकाना होता.
पेन टेकवलं, आणि उचललं.

बाहेर वारा पडला होता.
तोंका पायऱ्या उतरत होती, एक एक,
उजवा हात कोटाच्या खिशात,
मूठ मिटलेली असणार,
पण आत हवा जाईल
इतपत सैल.