झाडूचं झाड

हेलिकॉप्टर चौथ्यांदा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलं,
तेव्हा नासुन्ग्वाकबाईंनी फळ्यावरच्या यादीतला
‘झाड’ हा शब्द बोटानं पुसला
आणि बोट स्वेटरला.

डेन्मार्कहून यायचं होतं ते.
दर वर्षी येतं, जाळीत आवळलेलं,
बोट लागलेल्या पाहुण्यासारखं मलूल;
दोन दिवस बोलत नाही, मग हळूहळू हात पसरतं.
आमच्या ग्रीनलँडच्या या टोकाला
जे उगवतं ते घोट्याएवढं,
आणि तेही दगडाला घट्ट धरून.

अकरा मुलांची शाळा.
सूर्य नोव्हेंबरातच गेलाय.
खिडकीत केशरी कागदाचा तारा,
भर दुपारी बाराला त्याच्याच उजेडात
मुलं कागदी हृदयं विणतात, लाल-पांढरी.
टांगायची कुठे, हे कुणी विचारत नाही.

मी बिबियाने. सव्वीस वर्षं इथली झाडलोट माझ्याकडे.

संध्याकाळी (तशी ती सकाळपासूनच असते)
योकुम आला, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा,
हातात ड्रिल.
म्हणाला, काठी दे.
कसली काठी?
तो माझ्या हाताकडे बघत राहिला.

आजोबांच्या वेळी असंच करायचे, म्हणाला.
समुद्रानं आणून टाकलेलं लाकूड,
त्याला भोकं, भोकांत डहाळ्या.
म्हटलं, मग जा, समुद्राकडे माग.
समुद्र गोठलेला होता.
दिला झाडू.

बाई म्हणाल्या, चोवीस भोकं.
एकोणिसाव्याला ड्रिलचा जीव गेला.
एकोणीस तर एकोणीस.

मग मुलं कपाळाला दिवे बांधून टेकाडावर गेली,
गुडघाभर बर्फ उकरून
काळ्या बोरांची झुडपं शोधायला.
आक्कालूनं एक मुळासकट उपटलं,
म्हणून इवालू त्याच्याशी भांडली,
परत येईपर्यंत भांडली,
आणि ते मूळ तिनं स्वतःच्या हातमोज्यात घालून आणलं.

झाड उभं राहिलं बादलीत, वाळूत,
माझ्या खांद्याएवढं.
एका अंगानं दाट, दुसऱ्या अंगानं
दात पडलेल्या पोरासारखं.
वास मात्र आला. ओल्या मातीचा,
जी आम्हाला जूनशिवाय भेटत नाही.

खरं झाड असंच असतं का, इवालूनं विचारलं.
सगळ्यांनी सालोमिनेआजीकडे पाहिलं.
क्षयाच्या इस्पितळात, नऊ वर्षांची असताना,
दोन हिवाळे तिनं खिडकीतून जंगल पाहिलंय.
ती बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, रात्री आवाज करतात ती.
मला वाटायचं समुद्र आहे,
मला न्यायला आलाय.

बाईंनी काड्यापेटी शोधायला उगाच वेळ लावला.

फेर धरायची वेळ आली,
तर अकरा मुलांत झाड दिसेनासं झालं.
म्हणून मोठे मागे उभे राहिले,
त्यांच्या मागे शिकारी, अंगाला कुत्र्यांचा वास,
मग दुकानदार, त्याची तान्ही मुलगी,
सगळं गाव, अठ्ठावन्न माणसं.
बाहेरचा फेर वर्गात मावेना,
तो दारातून निघून, बूट ठेवतात त्या बोळातून
दुसऱ्या दारानं परत आत येत होता.
बोळातल्यांना झाड दिसत नव्हतं.
तरी ते त्याच्याभोवतीच फिरत होते.

बरोबर मध्यावर माझा झाडू.
मी कुणाला सांगितलं नाही
की त्या काठीवर दोन जागी माझ्या मुठी उमटल्यात
आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी
चांदीचा कागद गुंडाळलाय.

खरं झाड आलं नऊ जानेवारीला.
दुकानदारानं सही केली. ते अजून गोदामात आहे.

योकुमनं मला नवी काठी देऊ केली.
नको म्हटलं.
फेब्रुवारीत, सूर्याची पहिली कोर डोंगरावर आली
त्या दिवशी मी पायऱ्यांवरचा बर्फ झाडायला बाहेर आले,
वाऱ्यात काठी धरली,
आणि एकोणीस भोकांतून
काहीतरी वाजलं. सूर नव्हता तो.
वर्गातून इवालूनं खिडकी उघडली,
बाई ओरडल्या, थंडी येतेय,
तिनं लावली नाही.