एकशे त्र्याऐंशी नंबर

कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
आत एकच बाटली, दिव्याखाली,
पाचशेतली एकशे त्र्याऐंशी.
किंमत: माझे चार पगार, वर दिवाळी.
बुचावर चाक कोरलेलं,
खोक्याला काळा-पांढरा चौकडा,
शर्यत संपली की हलवतात ना, तो.

शेट म्हणाले, फडकं रोज मारायचं
पण हात लावायचा नाही.
ते कसं जमवायचं, ते नाही सांगितलं.

ताडदेवला नाक्यावर आमचं दुकान.
काउंटरला क्वार्टरवाल्यांची गर्दी,
सुट्टे नाहीत, थंड आहे का, उद्या देतो.
एकशे त्र्याऐंशीचा भाव विचारणारे
फोटो काढून जातात.

खोक्यावर छापलंय:
ओकच्या पिंपात बारा वर्षं.
जळकं रबर, इंजिन ऑइल, जुनं कातडं,
शेवटी संत्र्याची साल.
मी दोनदा वाचलं.
नाव वेगाचं,
आणि बारा वर्षं अंधारात नुसती पडून.

मग एका मंगळवारी परकारचाचा आले.
इस्माईल परकार, मूळचे दापोलीकडचे.
मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं,
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.
आमची पायरी ते कधी चढले नव्हते,
त्या दिवशीही नाही चढले.
फुटपाथवरूनच म्हणाले,
"पोरी, ती गाडी जरा इकडं फिरव."

गाडी म्हणजे खोक्यावरची.
लाल, लांब नाकाची, सात नंबर,
चालवणाऱ्याच्या गळ्यातला रुमाल मागे उडालेला.
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
"एक्झॉस्ट चुकीच्या अंगाला काढलाय.
ह्या अंगाला असला तर कोपर भाजतं."
"कुणाचं?"
"एकाचं भाजलं. मग आम्ही डावीकडं नेला."

जुहूच्या धावपट्टीवर, म्हणाले,
विमानं नसतील त्या रविवारी,
पेंढ्याचे भारे लावून वळणं करायची.
मी चौदाचा. काम काय,
मागेल तो पाना द्यायचा
आणि कार्ब्युरेटरवर फडकं धरून बसायचं,
वाळू जाते म्हणून.
समुद्र तेव्हा जवळ होता, असं म्हणाले.
समुद्र अजून तिथंच आहे, हे मी बोलले नाही.

कंपनीनं वास घ्यायला एक कुपी दिली होती,
बोटाएवढी, गिऱ्हाईक बघून काढायची.
शेट जेवायला गेले होते.
मी कुपी उघडून पायरीच्या कडेशी धरली.
चाचांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले,
आणि कमरेतून वाकले,
बॉनेट उघडून आत बघावं तसे.

"रबर नाही हे.
रबर जळतं ते आधी डोळ्यांत येतं, मग नाकात."
पुन्हा वाकले.
"ऑइल? अगरबत्ती म्हण."
मी झाकण लावायला गेले, तर म्हणाले, थांब.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मागून एक बेस्टची बस गेली, मग दुसरी.

"संत्रं आहे.
शर्यत संपली की तो संत्रं सोलायचा,
हाताला प्लास्टर, दातानं सोलायचा,
अर्धं मला.
माझे हात ग्रीसचे, तसंच खाल्लं.
हे ह्यांना कुणी सांगितलं?"

मला काय ठाऊक.
मी म्हटलं, छापताना काहीतरी लिहितात, चाचा.
"हां," म्हणाले. "लिहीत असतील."
आणि गल्लीत वळले, उजवीकडे,
घर डावीकडे असून.

शनिवारी बाटली गेली.
वरळीच्या कुठल्याशा टॉवरमधला मुलगा,
कार्ड दिलं, बिल नको म्हणाला.
मी पिशवीत भरता भरता सांगितलं,
साहेब, ह्यातला एक्झॉस्ट उलट्या बाजूला आहे.
हसला. "चालवायचीय कुणाला?"

कपाटात दिवा अजून जळतो.
काचेवर फडकं मारते मी रोज,
आता हात लागला तरी चालतं.
कुपीत तळाशी थेंबभर उरलंय, तेवढं
मी गल्ल्यामागे ठेवलंय,
मंगळवार आला की झाकण सैल करते.