तीस सेकंद

नैवाशाच्या तळ्याकाठी, रात्री सव्वाअकराला
वॉकीटॉकी खरखरला: न्योकाबी, लेबलं थांबलीत.

शीतगृहात चाळीस हजार गुलाब
बादल्यांत उभे, माना वर करून.
बारकोड चिकटल्याशिवाय त्यांना नाव नाही,
नाव नाही तर विमान नाही.
बाहेर ट्रकचं इंजिन चालू. किपलिमो
टायरला लाथ मारून बघतो,
जसा काही बिघाड तिथंच आहे.

मी खालून सुरुवात करते. नेहमी खालूनच.
आधी वायर, मग दिवा, मग पत्ता, मग वाट.
वरच्या मजल्यावरचा माणूस ओरडतोय
म्हणून आग तिथंच लागलेली असते असं नाही.

पिंग केलं.
चार हाकांतली एक परत आली,
तीही धापा टाकत.
मेलेलं नेटवर्क गप्प असतं.
हे तापात बरळत होतं.

स्विचचं कपाट उघडलं:
चोवीस हिरवे दिवे, एकाच ठेक्यात.
धडधाकट स्विचचे दिवे आठवडी बाजारासारखे,
ज्याचा त्याचा सौदा, ज्याची त्याची घाई.
सगळे एकदम बोलायला लागले की समजावं,
ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

यादी मागितली, कोण कुठल्या दाराशी राहतं?
प्रिंटर दार सातवर.
पुन्हा विचारलं. एकोणीसवर.
पुन्हा. सातवर.
आणि प्रिंटर तर, मीच लावलाय, तीनवर.
भिंतीला बोल्ट ठोकलेलं यंत्र
डोळ्याची पापणी लवायच्या आत बिऱ्हाडं बदलत होतं.

मुटिसो नवीन आहे. विचारतो, दमून थांबत का नाही हे?

थांबेल कसं?
राउटरमधून जाणाऱ्या पॅकेटच्या कपाळावर
आयुष्य लिहिलेलं असतं, समज चौसष्ट.
दर नाक्यावर एक वजा.
वाट चुकलं, घाण्याच्या बैलासारखं फिरलं,
तरी शून्याला पोचतं आणि सुटतं.
जिथं मरतं तिथला राउटर मागे निरोप धाडतो,
तुमचं माणूस इथवर आलं होतं.
स्विचमधल्या फ्रेमला मरण दिलेलं नाही.
"प्रिंटर कुठंय?" एवढाच साधा प्रश्न,
अकराला कुणीतरी विचारलेला,
उत्तर मिळूनही अजून फिरतोय.

सात नंबरची वायर चिमटीत धरून चालत गेले,
कपाटामागून, ओल्या बादल्यांच्या रॅकखालून,
वळसा घालून पुन्हा कपाटात.
एकोणीस.
उपटली.

दिवे अडखळले. मग एकेक
आपापल्या चालीवर आला.
प्रिंटरनं पांढरी जीभ बाहेर काढली.

मोरा फडकं घेऊन दारात उभी.
"टोक खाली लोंबत होतं. फरशी पुसताना भिजेल,
म्हणून रिकाम्या भोकात बसवलं.
पोले, न्योकाबी."
पोले म्हणजे गुन्हा कबूल नव्हे.
दुसऱ्याला ठेच लागली तरी आम्ही पोले म्हणतो.

मग जुन्या नोंदी उघडल्या.
अशा वळशासाठीच तर स्विचला झाड शिकवलेलं असतं:
दोन वाटा दिसल्या तर एक मिटून घे.
त्याचा नियम असा, नवी वायर जोडली की
पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं,
पंधरा सेकंद शिकायचं,
आणि मगच बोलायचं.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतली गर्दी,
सुपरवायझर घड्याळ दाखवत म्हणाला होता,
प्रिंटर चालू व्हायला अर्धा मिनिट?
कुणीतरी ते ऐकणं बंद करून टाकलं.
एका ओळीची आज्ञा.
शेजारी आद्याक्षरं माझी.

अहवालात कारणाचा रकाना आहे.
त्यात सफाईवालीचं नाव मावलं असतं.
मी ती तारीख लिहिली.

सगळी लेबलं निघाल्यावर, दोनच्या सुमारास,
झाड पुन्हा लावलं.
प्रिंटर गप्प.
बायका कात्र्या हातात धरून थांबल्या.
तळ्यात पाणघोडा हुंकारला, एरवी ऐकू येत नाही तो.
किपलिमोनं खिडकीतून डोकं घातलं,
पुन्हा बंद पडलं?

नाही, म्हटलं.
ऐकतंय.